नसेच्या दुखण्याला थेट एमआरआयच?

‘सोनोग्राफी पोटाची आणि गरोदरपणाची, नस बघायची तर एमआरआयच’ हे घरोघरी ऐकू येतं. खरं नाही. पूर्वीच्या प्रोबमधून (अंगावर फिरवायच्या सोनोग्राफीच्या दांड्यातून) नस, म्हणजे मज्जातंतू, नीट दिसत नसे, तिथून हा समज चिकटला असावा.

कार्पल टनेलचंच घ्या, म्हणजे मनगटातल्या अरुंद बोगद्यात नस दबण्याचं दुखणं. रात्री अंगठा आणि शेजारच्या बोटांना मुंग्या येतात, हात झटकल्यावर बरं वाटतं. मनगटावर जेली लावून हाय-फ्रिक्वेन्सी प्रोब आडवा धरला, की त्या बोगद्यातली मीडियन नस मधाच्या पोळ्यासारखी ठिपकेदार दिसते. ती दबलेली असेल तर बोगद्याच्या तोंडाशी फुगते. तिच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ साधारण १० चौरस मिलिमीटरच्या वर गेलं, की शंका बळावते. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ सालीच ही मोजणी निदानासाठी अचूक ठरवली. गँगलिऑनची (सांध्याजवळची, द्रव भरलेली) गाठ नस दाबत असेल तर तीही त्याच तपासणीत सापडते. कोपर वाकवताना तिथली अल्नर नस काहींच्या बाबतीत हाडावरून सरकते, तेही डोळ्यांदेखत दिसतं. हे नेहमीच्या एमआरआयला जमत नाही. खर्च मात्र एमआरआयच्या तुलनेत बराच कमी.

अर्थात, नसेतून विद्युतसंदेश किती वेगाने जातो हे सोनोग्राफी सांगत नाही. त्यासाठी एनसीव्ही, म्हणजे नसेला विजेचे हलके झटके देऊन वेग मोजायची तपासणी, लागतेच (तिचे झटके कुणालाच आवडत नाहीत, ते सोडा). मानेच्या किंवा कमरेच्या मणक्यात नस दबल्याचा संशय असेल, तर तिथे सहसा एमआरआयच लागतो. आणि सोनोग्राफी करणाऱ्याचा हात नसांवर बसलेला हवा. अपॉइंटमेंट घेतानाच तेवढं विचारा.