कागदावरचे ४२५ हॉर्सपॉवर

पाव मैल, म्हणजे १३२० फूट सरळ रस्ता. दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या राहतात, इशारा होतो आणि आधी पोचेल ती जिंकते. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या ड्रॅग शर्यती ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हे वेगळं सांगायला नको. पण १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या बड्या कंपन्या खास या पाव मैलासाठी गाड्या बांधत आणि चक्क डीलरमार्फत विकत. त्या गाड्या आज जवळून पाहिल्या तर गंमत वाटते. हेडलाइटच्या जागी जाळी, डिकीत ट्रकची बॅटरी, काच वर घ्यायला हँडलऐवजी पट्टा. यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीमागे नियमपुस्तकातली एखादी ओळ आहे.

हे पुस्तक होतं नॅशनल हॉट रॉड असोसिएशनचं. वॉली पार्क्स यांनी १९५१ साली ही संस्था काढली. ‘स्टॉक’, म्हणजे कंपनी विकते तशाच, गाड्यांचे वर्ग ठरत ते गाडीचं वजन आणि कंपनीने जाहीर केलेली हॉर्सपॉवर यांच्या प्रमाणावर. जाहीर केलेली, मोजलेली नव्हे! त्यामुळे कंपनीने ताकद जितकी कमी सांगावी तितका तिचा फायदा. १९६३पासून इंजिनाला ४२७ घन इंच, म्हणजे सात लिटर, अशी कमाल मर्यादा आली. फोर्डचं ४२७ आणि क्रायस्लरचं ४२६ ही इंजिनं त्या रेषेला खेटून बसतात, ती उगीच नाही.

त्याआधी काही वर्षं तर सगळा कारभार लपूनछपून चालला होता. १९५७ साली अमेरिकी वाहन उत्पादकांच्या संघटनेने ठराव केला की कंपन्यांनी शर्यतींपासून दूर राहावं. ठराव पाळला सगळ्यांनी, पण दाराच्या पुढच्या बाजूने. मागच्या दाराने ‘विशेष कामासाठी’ म्हणून सुटे भाग जातच होते. १९६२मध्ये फोर्डने ठराव उघडपणे झुगारला. जनरल मोटर्सने मात्र जानेवारी १९६३मध्ये आपल्या विभागांना शर्यतींतून बाहेर काढलं, आणि दोन भन्नाट गाड्या सुरू होता होताच आटोपल्या. एक शेवरलेची इम्पाला झेड-११, पुढचे पत्रे अ‍ॅल्युमिनियमचे, ५७ बनल्या. दुसरी पाँटिअ‍ॅकची कॅटलिना. वजन उतरवायला तिच्या चासीला भोकंच भोकं पाडली होती. अशा फक्त १४.

क्रायस्लरची ताकद तिच्या इंजिनिअरांत होती. त्यातल्या काहींनी ‘रॅमचार्जर्स’ नावाचा क्लब काढला होता आणि फावल्या वेळात ते शर्यतीची गाडी घडवत. हवा इंजिनात शिरते त्या नळीची लांबी नेमकी ठेवली, तर नळीत उठणाऱ्या दाबाच्या लाटाच सिलिंडरमध्ये जास्त हवा ढकलतात, यावर त्यांचा भर होता. १९६२च्या ‘मॅक्स वेज’ इंजिनावर दोन कार्ब्युरेटर तिरके बसवलेले दिसतात, डावा उजव्या बाजूच्या सिलिंडरांना पुरवणारा आणि उजवा डाव्या. नळीला हवी तेवढी लांबी मिळावी म्हणून हा आडवा प्रवास. १९६४ला त्याच कंपनीचं ४२६ हेमी आलं. त्याचा ज्वलनकक्ष अर्धगोलाकार, दोन्ही व्हॉल्व्ह समोरासमोर कललेले, म्हणून मोठे व्हॉल्व्ह बसतात आणि हवेची वाट मोकळी राहते. जाहीर ताकद ४२५. फोर्डच्या ४२७चीही ४२५. शेवरलेच्या ४०९चीसुद्धा ४२५! तीन कंपन्या, तीन वेगळी इंजिनं आणि आकडा एकच. यावर विश्वास ठेवणारा माणूस त्या मैदानावर तरी नसावा. शर्यतीसाठी जुळवलेलं हेमी पाचशेच्या पुढे जातं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

माझ्या मते या सगळ्यांत बघण्यासारखी गाडी म्हणजे १९६४ची फोर्ड फेअरलेन थंडरबोल्ट. मध्यम आकाराची, कुटुंबाने बाजाराला न्यावी अशी फेअरलेन. तिच्या पोटात मोठ्या गाडीचं ४२७ कोंबलेलं. कंपनीने हे काम डिअरबॉर्न स्टील ट्युबिंग या बाहेरच्या कंपनीकडे दिलं. इंजिन बसेना म्हणून पुढच्या सस्पेन्शनचे खांब कापून बदलावे लागले, आणि एक्झॉस्टच्या नळ्या त्यातून वेटोळे घेत काढाव्या लागल्या. दोन्ही बाजूंचे आतले हेडलाइट काढून तिथे जाळी लावली आणि तिथून जाड नळ्यांनी बाहेरची थंड हवा थेट कार्ब्युरेटरपर्यंत नेली. बोनेटला पाण्याच्या थेंबासारखा फुगवटा. पुढची मडगार्डं आणि बोनेट फायबरग्लासचं, खिडक्या प्लास्टिकच्या. रेडिओ नाही, हीटर नाही, शेजारच्या सीटपुढचा वायपरसुद्धा नाही. सुरुवातीच्या गाड्यांना फायबरग्लासचे बंपर होते, ते नियमात बसेनात म्हणून अ‍ॅल्युमिनियमचे आले. एवढं वजन खरवडून काढायचं आणि डिकीत मात्र अवजड बॅटरी ठेवायची, कारण त्या वर्गात मागचे टायर अरुंदच वापरायला मिळत. ते जमिनीला चिकटायचे तर उजव्या मागच्या चाकावर भार हवा. ग्लव्ह बॉक्समध्ये एक पट्टी असे. गाडीच्या पत्र्यांचा दर्जा नेहमीच्या गाडीसारखा नाही, हे त्यावर आधीच छापलेलं. म्हणजे तक्रार घेऊन येऊ नका!

१९६५मध्ये संस्थेने सुपर स्टॉक, म्हणजे स्टॉकमधल्या सर्वांत वेगवान, वर्गात अ‍ॅल्युमिनियम-फायबरग्लासचे पत्रे बंद केले. क्रायस्लरने मग पोलादच वापरलं, फक्त नेहमीपेक्षा पातळ. सीट आणल्या त्या डॉज ए-१०० व्हॅनच्या, हलक्या म्हणून. त्याच वर्षी काही गाड्यांचा मागचा अ‍ॅक्सल १५ इंच आणि पुढचा १० इंच पुढे सरकवला, म्हणजे गाडीचं वजन मागच्या चाकांवर यावं. गाडी इतकी विचित्र दिसू लागली की लोक तिला ‘फनी कार’ म्हणू लागले. असोसिएशनने तिला स्टॉक वर्गाबाहेर ठेवलं, पण नाव टिकलं आणि पुढे त्या नावाची वेगळी शर्यतच उभी राहिली.

१९६८ची हेमी डार्ट आणि हेमी बॅराकुडा या त्या मानाने सरळ गाड्या. दोन्ही मिळून दीडशेच्या आसपास, जुळणी हर्स्ट कंपनीकडे. काच ओढायचा पट्टा यांचाच. रंगसुद्धा ग्राहकाने लावायचा. त्याच हंगामात फोर्डची कोब्रा जेट मस्टँग आली, जाहीर ताकद ३३५. कॅलिफोर्नियातल्या पोमोनाच्या विंटरनॅशनल्स शर्यतींत अल जोनिएक या चालकाने तिच्यावर सुपर स्टॉक जिंकली आणि ३३५ हा आकडा किती सोयीचा होता ते उघड झालं. पुढे संस्थेने कंपन्यांच्या आकड्यांऐवजी स्वतःचेच आकडे लावायला सुरुवात केली.

१९६९ची शेवरले कॅमॅरो झेडएल-१ ही या हिशेबाची महागडी बाजू. इलिनॉयमधल्या ला हार्प गावचे डीलर फ्रेड गिब यांनी ५० गाड्या मागवल्या. इंजिन पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचं, त्यामुळे एकट्या इंजिनाचेच चार हजारांवर डॉलर, आणि गाडीची किंमत सात हजारांपलीकडे. गिऱ्हाईक फिरकेना. बऱ्याच गाड्या शेवटी कंपनीला परत घेऊन दुसऱ्या डीलरांकडे वळवाव्या लागल्या. एकूण ६९ बनल्या. २०१२मध्ये शेवरलेने फक्त शर्यतीसाठी, रस्त्यावर चालवायला परवानगी नसलेली नवी ‘कोपो’ (डीलरच्या खास ऑर्डरींचं कंपनीतलं जुनं नाव) कॅमॅरो काढली, तेव्हा संख्या मुद्दाम ६९च ठेवली. या वेळी मात्र गाड्या घ्यायला रांग होती.