थडग्यातून घराकडे: ग्रीक मृण्मूर्तींची पार्श्वभूमी

१८७० च्या सुमारास ग्रीसमधल्या बिओशिया प्रांतात, तानाग्राजवळच्या प्राचीन थडग्यांतून वीतभर उंचीच्या मातीच्या मूर्ती निघू लागल्या. बहुतेक बायकांच्या: अंगभर वस्त्र लपेटलेल्या, कुणाच्या हातात पंखा, कुणाच्या डोक्यावर उन्हाची टोपी. थडगी फोडणाऱ्यांनी त्या धडाधड विकल्या. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्या झळकल्या, मागणी वाढली आणि बनावट मूर्तींचा धंदाही तेजीत आला. या लुटीत कोणती मूर्ती कुणाच्या थडग्यात, कशाशेजारी ठेवली होती याची नोंदच राहिली नाही. मला हे नुकसान मोडक्या मूर्तींपेक्षा मोठं वाटतं, कारण त्या मृतांसाठीच घडवल्या असं मानणं त्यामुळे सोपं झालं.

घरातलं त्यांचं स्थान स्पष्ट झालं ते उत्तर ग्रीसमधल्या ऑलिंथसमुळे. मॅसेडोनियाचा राजा दुसरा फिलिप याने इ.स.पू. ३४८ मध्ये हे शहर उद्ध्वस्त केलं. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ डेव्हिड रॉबिन्सन यांनी १९२८ ते १९३८ या काळात चार हंगामांत तिथली शंभराहून अधिक घरं उत्खननात उघडी केली. खोल्यांत, विणकामाच्या मागावर धागे ताणून धरणारी वजनं आणि भांडी यांच्यासोबत, मृण्मूर्ती सापडल्या. काही अर्धमूर्तींना वर भोक होतं, म्हणजे त्या भिंतीवर टांगता येत. याच घाटाच्या मूर्ती शहराबाहेरच्या दफनभूमीतही मिळाल्या, विशेषतः लहान मुलांच्या थडग्यांत. घर, देवस्थान आणि थडगं यांच्यासाठी वेगळा माल बनत नसावा, हे यातून दिसतं.

खेळणी आणि देवाची वस्तू यांतही कडक सीमा नव्हती. कॉरिंथमध्ये इ.स.पू. पाचव्या शतकात हातपाय हलणाऱ्या मातीच्या बाहुल्या बनत. लग्नाआधी मुली आपली खेळणी आर्टेमिस देवीला वाहत. टिमारेटा नावाच्या मुलीवरची एक जुनी ग्रीक कविता आहे. तीत तिने वाहिलेल्या वस्तू येतात: डफ, चेंडू, केसांची जाळी, बाहुल्या आणि बाहुल्यांचे कपडेसुद्धा.

हे सगळं सामान्य घरात पोचलं ते साच्यामुळे. पुढची बाजू साच्यात दाबून काढायची, डोकं आणि हात अनेकदा वेगळे जोडायचे, भाजताना वाफ निघावी म्हणून पाठीला भोक ठेवायचं. मूर्तीवर पांढऱ्या मातीचा लेप असे, पण गुलाबी, निळा, तांबडा हे रंग भाजणीनंतर चढवत. त्यामुळे ते टिकले नाहीत, आणि संग्रहालयात आपल्याला बहुधा नुसती तपकिरी माती दिसते.

साच्याशिवाय, हाताने घडवलेल्या मूर्तींत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो बिओशियातल्याच थीब्ज शहरातला एक समूह. इ.स.पू. ५०० च्या आसपासचा हा समूह आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. चार बायका एका लांब परातीवर वाकून कणीक मळताहेत आणि शेजारी उभी असलेली एक जण त्यांना ताल धरायला बासरी वाजवते आहे.