गॅमा स्पेक्ट्रममधलं 'युरेनियम' नक्की कुणाचं?

न्यूट्रॉन मारून नमुना किरणोत्सारी करायचा आणि त्यावरून त्यातलं मूलद्रव्य ओळखायचं, याची सुरुवात १९३६ ची धरतात, कोपनहेगनला दोघांनी अशुद्ध यट्रियमवर न्यूट्रॉन मारून त्यातलं डिस्प्रोसियम पकडलं तेव्हापासून, पण त्यात स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती गॅमा किरण आले याचा आलेख, नव्हताच, अर्धायुष्यावरून (किरणोत्सर्ग निम्मा व्हायला लागणाऱ्या वेळावरून) ओळखलं होतं. स्पेक्ट्रमचा खेळ सुरू झाला १९४८ च्या सुमारास, गॅमा किरण टिपणारा, थॅलियम घातलेला सोडियम आयोडाइड क्रिस्टल आल्यावर.

हा क्रिस्टल स्वस्त आणि दणकट, पण नजर अधू. ६६२ केईव्हीला (केईव्ही हे किरणांच्या ऊर्जेचं एकक) पीकची, म्हणजे आलेखातल्या शिखराची, रुंदी ४५ केईव्हीच्या आसपास, त्यामुळे मॅंगनीजचा ८४७ आणि मॅग्नेशियमचा ८४४ म्हणजे एकच ढिगारा. मग काय, तासभर थांबायचं, साडेनऊ मिनिटांच्या अर्धायुष्याचं मॅग्नेशियम-२७ संपलं की उरलं ते मॅंगनीज. त्यातही गंमत अशी की वेगवान न्यूट्रॉन ॲल्युमिनियमपासूनही तेच मॅग्नेशियम-२७ बनवतात, म्हणजे पीक मॅग्नेशियमचा आणि नमुन्यात मॅग्नेशियमचा पत्ताच नाही!

पण खरा घोळ 'समतुल्य युरेनियम' या शब्दात आहे. विमानातून खडकांच्या नैसर्गिक गॅमांचा सर्व्हे करतात तेव्हा पोटॅशियम थेट दिसतं, १४६१ ला. युरेनियम-२३८ ची स्वतःची गॅमा मात्र इतकी क्षीण की ती विमानापर्यंत पोचतच नाही, म्हणून मोजतात त्याच्या क्षयाच्या साखळीत (युरेनियमपासून एकामागून एक बनत जाणारी मूलद्रव्यं) बरंच खाली असलेलं बिस्मथ-२१४, १७६४ ला, आणि साखळी समतोलात आहे, म्हणजे मधल्या प्रत्येक टप्प्यावर जितकं बनतं तितकंच क्षय पावतं, असं धरून आकडा पीपीएम (दशलक्षात किती भाग) युरेनियम म्हणून देतात. मधे रेडॉन आहे, तो वायू, अर्धायुष्य ३.८ दिवस, जमिनीतून निसटला की साखळीच्या वरच्या टोकाचं युरेनियम तेवढंच असूनही आकडा खाली येतो, आणि पाण्याबरोबर रेडियम दुसरीकडे जाऊन साचलं तर तिथे नसलेलं युरेनियम दिसतं. थोरियमचंही तसंच, तिथे थॅलियम-२०८ मोजतात, पण त्या साखळीत एवढी पळापळ नसते. गृहीतक वाईट नाही, दुसरा उपाय तरी काय होता, पण नकाशावर येईपर्यंत 'समतुल्य' गळून पडतं आणि मग वाचणारा खुशाल ते युरेनियमच समजतो, हे मला अजिबात पटत नाही.

साठच्या दशकात गॅमा टिपायला जर्मेनियम आलं, आधी लिथियमवालं, जे कायम द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावं लागायचं, गरम झालं की कामातून गेलं. पुढे अतिशुद्ध जर्मेनियमने ती कटकट संपवली. ८४४ आणि ८४७ आरामात सुटे झाले. समतोलाचा गुंता तसाच राहिला, कारण तो नजरेचा प्रश्न नव्हताच. त्यात १८६ केईव्हीचा पीक घ्या, युरेनियम-२३५ चा १८५.७ आणि रेडियम-२२६ चा १८६.२, हे जर्मेनियमलाही वेगळे करता येत नाहीत. नैसर्गिक युरेनियम असेल तर साधारण ५७ टक्के रेडियमचे आणि बाकीचे युरेनियमचे असं वाटून टाकतात, आणि तेही परत समतोल आहे असं धरूनच.