थॅलियम नसलेली थॅलियम टेस्ट

इंदूरला रामबागेत राहणाऱ्या आमच्या काकांना डॉक्टरांनी 'स्ट्रेस थॅलियम' ही हृदयाच्या रक्तपुरवठ्याची तपासणी करून घ्यायला सांगितलं. आदल्या दिवशी चहा-कॉफी बंद. पोह्यांवर चहा नाही ही इंदुरी माणसाला शिक्षाच. टोचायच्या औषधाच्या लेबलवर मात्र थॅलियम नव्हतंच, टेक्नेशियम होतं.

नावाचा हा घोळ पन्नासेक वर्षांचा आहे. किरणोत्सारी पदार्थ रक्तात सोडून त्याचा माग काढण्याची कल्पना त्याहून जुनी. १९२५च्या सुमारास बॉस्टनचे हर्मन ब्लुमगार्ट रेडियमपासून मिळणारा पदार्थ एका हातात टोचून तो दुसऱ्या हातात किती वेळात पोचतो ते मोजत होते. चित्र काढायचं तर कॅमेरा हवा. हॅल अँगर यांचा गॅमा कॅमेरा १९५०च्या दशकाच्या अखेरीस आला.

खरी कलाटणी १९७३ची. बॅरी झॅरेट आणि विल्यम स्ट्रॉस यांनी पेशंटला व्यायाम करायला लावून पोटॅशियम-४३ टोचलं. हृदयाचा स्नायू पोटॅशियम भराभर ओढून घेतो. जिथे रक्त कमी, तिथे चित्र फिकं. पण दमवायचं कशाला? पुढच्याच वर्षी लान्स गूल्ड यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत ते दाखवलं: रक्तवाहिनीचा व्यास ८५ टक्के आक्रसेपर्यंत विश्रांतीतला प्रवाह कमी होत नाही, पण जास्तीत जास्त प्रवाह व्यास निम्माही आक्रसण्याआधीच घटू लागतो. म्हणून तर बसल्याजागी सगळं ठीक वाटतं आणि जिना चढताना छाती भरून येते.

पोटॅशियम-४३चे किरण कॅमेऱ्याला झेपत नव्हते. १९७०च्या दशकाच्या मध्यात पोटॅशियमसारखंच वागणारं थॅलियम-२०१ आलं आणि टेस्टला त्याचंच नाव चिकटलं. त्याचं अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ) ७३ तास, म्हणून डोस बेताचा. किरणही दुबळे, छातीतच अडकायचे. टेक्नेशियम-९९एमचं अर्धायुष्य ६ तास, डोस जास्त देता येतो, चित्र स्वच्छ येतं. ते स्नायूपर्यंत नेणाऱ्या सेस्टामिबीला अमेरिकेत १९९०मध्ये मान्यता मिळाली.

काकांना वाटलं, हे टेक्नेशियम इंदूरच्याच राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातून येत असणार. तसं नाही. तिथली इंडस यंत्रं इलेक्ट्रॉन फिरवून क्ष-किरण देतात. टेक्नेशियम मिळतं अणुभट्टीतल्या मॉलिब्डेनमपासून. मॉलिब्डेनमचं अर्धायुष्य ६६ तास असल्याने त्याचा जनरेटर, म्हणजे मॉलिब्डेनम भरलेलं पात्र, गावोगाव पाठवता येतो. रोज त्यातून सलाइन सोडून टेक्नेशियम काढतात, त्याला लॅबमध्ये 'मिल्किंग' म्हणतात. आठवडाभरात ही गाय आटते.

"दोनदा कशाला टोचता?" काकांनी विचारलंच. थॅलियम एकदा टोचलं की पुरायचं: तीन-चार तासांत ते स्नायूत पुन्हा पसरतं; फिका भाग भरून आला तर रक्तपुरवठा कमी, नाही भरला तर बहुधा जुना व्रण. सेस्टामिबी शिरलं तिथेच बसून राहतं. म्हणून एक इंजेक्शन ट्रेडमिलवर, एक आराम करताना. आणि दुसरं होईपर्यंत चहा नाहीच.