खोकला टीबीचा नसेल तर?

आपल्या सरकारी दवाखान्यांत जुन्या खोकल्याचा अर्थ अनेक दशके एकच होता: टीबी. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला, १९९७ पासून तो सुधारित रूपात राबवला गेला आणि थुंकी तपासण्याची सोय खेड्यापाड्यांच्या जवळ आली. काम मोठेच होते. पण थुंकीत जंतू सापडले नाहीत, की धाप लागणाऱ्या माणसासाठी पुढची वाट बहुधा खोकल्याच्या बाटलीपाशीच संपायची. दमा आणि सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन धाप लागण्याचा दीर्घकालीन आजार) यांचा हिशेब कुणाच्याच वहीत नव्हता.

२०१० मध्ये २१ राज्यांतल्या १०० जिल्ह्यांत असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. त्याच्या नावात कर्करोग, मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघात होते, फुप्फुसे नव्हती. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या उच्चस्तरीय बैठकीने जे चार प्रमुख आजारगट मानले, त्यांत दीर्घकालीन श्वसनविकार होते. २०१३ मध्ये भारताने आपली उद्दिष्टे ठरवताना जागतिक यादीत नसलेले एक कलम स्वतःहून घातले: स्वयंपाकासाठी लाकूडफाटा, गोवऱ्या असे इंधन वापरणे २०२५ पर्यंत निम्म्यावर आणायचे. हे मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत शहाणे पाऊल वाटते, कारण आपल्याकडे सीओपीडी झालेल्या कित्येक बायकांनी आयुष्यात कधी विडीला हात लावलेला नसतो. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली. सिलिंडर घरात पोचला, पण तो पुन्हा भरून आणणे परवडेना तिथे चूल पेटतच राहिली.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने हृदयविकार, कर्करोग, मधुमेह आणि श्वसनविकारांमुळे होणारे अकाली मृत्यू २०२५ पर्यंत २५ टक्क्यांनी कमी करायचे ठरवले. त्याच सुमारास तिशीपुढच्या सगळ्यांची तपासणी सुरू झाली, ती मात्र रक्तदाब, मधुमेह आणि तीन कर्करोगांची. कारण उघड आहे. रक्तदाबाचे यंत्र आणि साखर मोजण्याची पट्टी उपकेंद्रात नेता येते. फुप्फुसांच्या तपासणीला स्पायरोमीटर, म्हणजे फुंकलेली हवा मोजणारे यंत्र लागते, आणि रुग्णाकडून पूर्ण जोर लावून नीट फुंकून घेणारा प्रशिक्षित माणूसही लागतो.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २०१६ साली देशात सीओपीडीचे साडेपाच कोटी आणि दम्याचे पावणेचार कोटींहून अधिक रुग्ण असल्याचा अंदाज होता. जगाच्या लोकसंख्येत आपण १८ टक्के, श्वसनविकारांच्या जागतिक ओझ्यात ३२ टक्के. २०२३ मध्ये असंसर्गजन्य आजारांच्या त्या राष्ट्रीय कार्यक्रमाचे नाव बदलून व्यापक झाले आणि सीओपीडी व दमा त्याच्या कक्षेत आल्याचे स्पष्ट झाले.

आशाताईंच्या हातातला तपासणीचा फॉर्म मात्र नीट पाहावा. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घराण्यातले आजार यांना गुण मिळतात. चारपेक्षा जास्त झाले की तपासणीला प्राधान्य. चूल कशावर पेटते, वीटभट्टीवर काम आहे का, हेही त्यात विचारले जाते, पण वेगळ्या भागात. त्या उत्तरांना गुण नाहीत.