एकच वादक की एकच गिटार?

‘हाऊ हाय द मून’ हे १९४० सालच्या एका ब्रॉडवे रिव्ह्यूतलं (गाणी, नाच आणि प्रहसनांच्या रंगमंचीय कार्यक्रमातलं) गाणं, चाल मॉर्गन लुईसची. जॅझवाल्यांनी ते इतकं वाजवलं की मूळ रिव्ह्यू विसरला गेला आणि गाणं ‘स्टँडर्ड’, म्हणजे जॅझवाल्यांच्या नेहमीच्या वाजवण्यातलं, होऊन बसलं. गिटारवर त्याची दोन नामांकित ध्वनिमुद्रणं आहेत: गिटारवादक लेस पॉल आणि गायिका मेरी फोर्ड यांचं १९५१चं, आणि जॅझ गिटारवादक जो पास याचं १९७३च्या ‘व्हर्चुओसो’ अल्बममधलं. दोन्हींत गिटार वाजवणारा आपापल्या जागी एकटाच. म्हणून ‘एकट्यानं वाजवलेली गिटार’ म्हणत दोन्ही एकाच कप्प्यात जातात, आणि तिथंच गफलत होते.

लेस पॉलच्या तबकडीत वादक एक, पण गिटारी अनेक. तो एक भाग टेपवर घ्यायचा, मग तो ऐकत दुसरा वाजवायचा, आणि दोन्ही मिळून पुन्हा मुद्रित व्हायचे. मेरीचा आवाजही असाच थरांनी चढवलेला. दर थरागणिक जुना आवाज थोडा मळायचा, म्हणून कमी महत्त्वाचे भाग आधी उरकायचे. शेवटच्या थरात बोट घसरलं की सगळं पहिल्यापासून! अमेरिकेत हे गाणं नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं.

जो पासकडे फक्त सहा तारा. ड्रम नाहीत, डबल बास नाही, वर चढवलेला थरही नाही. निर्माता नॉर्मन ग्रॅन्झ, त्याची पाब्लो ही रेकॉर्ड कंपनी तेव्हा नवी. अल्बमचं नाव (‘व्हर्चुओसो’ म्हणजे वाद्यावर असामान्य प्रभुत्व असलेला) जरा मिरवणारं आहे खरं, पण ऐकल्यावर तक्रार उरत नाही. गंमत अशी की पास सगळं एकाच वेळी वाजवत नाहीच. थोडी चाल, मध्येच दोन-तीन कॉर्ड (एकत्र छेडलेले सूर), मग खर्जाकडून चार सूर, लगेच वर एक धावती तान. तान धावते तेव्हा खर्ज गप्प असतो, तरी तो चालूच आहे असं आपल्याला वाटत राहतं.

या गाण्यात तर हे आणखी अवघड. सुरुवात जी मेजरमध्ये (षड्ज ‘जी’ या सुरावर, गंधार शुद्ध), मग तोच जी मायनर होतो (गंधार कोमल) आणि गाणं एफमध्ये उतरतं. एफचंही तसंच होऊन ई फ्लॅट येतो. तानपुऱ्याच्या भाषेत, षड्जच दर टप्प्याला एक पूर्ण स्वर खाली सरकतो. पाठीमागे साथ असेल तर हा उतार साथीदार दाखवतात. पासला तो तानेतल्या सुरांच्या निवडीतूनच दाखवावा लागतो, आणि मला तरी इथं त्याचं खरं कसब दिसतं. वेगाचं कौतुक त्यानंतर.

कानानं ओळखायचं तर तानेच्या खाली लक्ष द्या. तिथं कॉर्डचा ठेका अखंड चालू असेल तर बहुधा थर आहेत. लयही बोलते: थरांच्या मुद्रणात पहिल्या थरानं लय बांधलेली असते, तर एकट्या गिटारवाल्याला कोणासाठी थांबायचं नसतं, तो हवं तिथं रेंगाळतो.

अल्बमच्या वेष्टनावर मात्र विसंबू नका. जॅझ गिटारवादक पॅट मेथेनीच्या ‘न्यू शटॉक्वा’ (१९७९) आणि ‘वन क्वाएट नाइट’ (२००३) या दोन्हींवर वादक म्हणून त्याचं एकट्याचंच नाव आहे. पहिल्यात थरांवर थर आहेत, दुसऱ्यात जवळपास सगळीकडे एकच बॅरिटोन (नेहमीपेक्षा खालच्या सुरात लावलेली) गिटार.