ग्वानाह्वातो

मध्य मेक्सिकोतील याच नावाच्या राज्याची राजधानी व पर्यटनस्थळ. हे शहर सुमारे २,००० मी. उंचीवर एका अरुंद दरीत आणि तिच्या उतारांवर वसले आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यास येथे चांदीच्या शिरा सापडल्या आणि खाणींच्या आश्रयाने वस्ती वाढत गेली. स्पॅनिशांनी वसवलेल्या बहुतेक शहरांतील काटकोनी रस्त्यांची मांडणी येथे आढळत नाही ती यामुळेच. त्याऐवजी वळणावळणाच्या गल्ल्या आणि पायऱ्यांच्या वाटा आहेत.

अठराव्या शतकात व्हालेन्सियाना खाण जगातील सर्वाधिक चांदी देणाऱ्या खाणींपैकी एक होती. तिच्या उत्पन्नातून उभे राहिलेले सान कायेतानो चर्च (१७८८) सोन्याचा मुलामा दिलेल्या वेदींसाठी पाहण्यासारखे आहे. मेक्सिकोची चांदी व्यापाऱ्यांमार्फत सुरतेसही पोहोचत असे आणि मोगल टांकसाळींत तिचे रुपये पाडले जात.

दरीतून वाहणाऱ्या नदीच्या पुरांनी शहराचे वारंवार नुकसान केले. १९०५ चा पूर विशेष विनाशकारी ठरला. पुढे पाणी अन्यत्र वळवण्यात आले आणि १९६० च्या दशकात जुन्या पात्रातून, दगडी कमानींखालून, वाहनांचा रस्ता काढण्यात आला. जमिनीवरचा मध्यभाग त्यामुळे बराचसा पादचाऱ्यांसाठी मोकळा राहिला, आणि शहर पायीच पाहावे हे उत्तम.

आलोन्दिगा दे ग्रानादितास हे मूळचे धान्याचे कोठार. स्वातंत्र्ययुद्धाच्या आरंभी, २८ सप्टेंबर १८१० रोजी, बंडाचे नेते धर्मगुरू मिगेल इदाल्गो यांच्या अनुयायांनी त्यावर हल्ला केला, तेव्हा स्पॅनिश पक्षाचे लोक आत आश्रयास होते. पाठीवर दगडी लादी बांधून गोळ्यांचा मारा चुकवत दरवाजा पेटवणाऱ्या ‘एल पीपिला’ या खाणकामगाराची कथा सर्वतोमुखी असली, तरी ती कितपत खरी याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. पुढे इदाल्गोसह चार नेत्यांची शिरे याच इमारतीच्या चार कोपऱ्यांवर टांगण्यात आली व ती १८२१ पर्यंत तेथे होती. येथे आता संग्रहालय आहे. दफनभूमीचा कर न भरल्यामुळे उकरून काढलेल्या, नैसर्गिकरीत्या सुकलेल्या शवांचे संग्रहालय अधिक प्रसिद्ध असले, तरी शहर समजून घेण्यास आलोन्दिगाच अधिक उपयोगी.

चित्रकार दिएगो रिव्हेरा यांचा जन्म येथे १८८६ मध्ये झाला. त्यांचे घर पाहता येते. युनेस्कोने १९८८ मध्ये शहराचा व लगतच्या खाणींचा समावेश जागतिक वारसास्थळांत केला. १९७२ पासून ऑक्टोबरच्या सुमारास भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय सेर्व्हान्तिनो कला महोत्सवाच्या काळात निवासाची व्यवस्था आधीच करून ठेवणे आवश्यक ठरते.